धुळीत टिकणारी आरसी (रिमोटवर चालणारी) टूरिंग कार: चेसिस कशी आखावी

गाडी डावीकडे नीट वळते आणि उजवीकडे वळताना घसरते, तेव्हा दोष पुष्कळदा स्प्रिंगमध्ये नसतो, बॅटरीच्या जागेत असतो. म्हणून चेसिस, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो सांगाडा, आखताना आधी वजनाचा हिशेब करा, सस्पेन्शन नंतर.

एक-दशांश मापाच्या गाडीत पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर 257 आणि रुंदी 190 मिलिमीटर ठेवा. बॉडी याच मापाच्या मिळतात.

कागदावर नाकापासून शेपटीपर्यंत मधली रेघ ओढा. प्रत्येक भाग किचनच्या डिजिटल काट्यावर तोला आणि वजनाला रेघेपासूनच्या अंतराने गुणा. समजा उजवीकडे मोटर 165 ग्रॅम × 30 मिमी, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) 65 × 50, सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) 50 × 40, रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा) 10 × 50, बेरीज 10,700. डावीकडे 290 ग्रॅमची टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) 45 मिमीवर ठेवली तर 13,050 होतात, म्हणजे गाडी डावीकडे जड. तीच 37 मिमीवर आणली की 10,730. जुळलं! 47 मिमी रुंद पॅक असला तरी रेघेपर्यंत 13.5 मिमी उरतात, त्यातून मोटरची ताकद चाकांकडे नेणारा शाफ्ट (दांडा) निघतो.

ताकद चाकांकडे न्यायला बेल्ट (दातेरी पट्टा) की शाफ्ट? स्पर्धेच्या बहुतेक गाड्या बेल्टच्या असतात, पण त्या कार्पेटवर किंवा स्वच्छ डांबरी ट्रॅकवर धावतात. धुळे-जळगावकडच्या पटांगणात उघड्या बेल्टखाली एक खडा गेला तरी दात सोलून निघतात. इथे तामियाच्या टीटी-02 या गाडीसारखा झाकलेला शाफ्टच बरा. जमिनीपासून उंचीही कार्पेटच्या 5 मिमीऐवजी 7-8 ठेवा.

चेसिसची प्लेट 2.5 मिमी कार्बन फायबरची. पहिला नमुना मात्र स्वस्त ग्लास इपॉक्सी शीटमध्ये कापा, भोकं चुकणारच. बॅटरीची जागा कशीही असो, प्लेटची बाहेरची कड दोन्हीकडे सारखीच हवी, नाहीतर एक बाजू जास्त लवते. बॅटरी दोन्ही टोकांना घट्ट अडकवली तरी तीच बाजू ताठ होते. 1 मिमी फट ठेवून टेपने बांधा.

कार्बन घासताना मास्क लावा आणि पॉलिश पेपर ओला ठेवा. कडांना फेविक्विक भरा. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे सोललेली वायर कडेला लागली की शॉर्ट झालंच.

जोडणी काचेवर करा. सगळे स्क्रू ढिले ठेवून प्लेट काचेला दाबा आणि तिरपे-तिरपे आवळा. चाकं बसल्यावर गाडीचं नाक बरोबर मधोमध सुरीच्या टोकाने उचला. पुढची दोन्ही चाकं एकदम उठली पाहिजेत. एक उशिरा उठलं तर त्या बाजूच्या मागच्या डॅम्परवरची (शॉकवरची) स्प्रिंग दाबणारी रिंग पाव फेरा आवळा. तरी सुटत नसेल तर पीळ प्लेटमध्येच आहे, पुन्हा काचेवर या.

मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेला की पीएलए या प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापलेले ब्रॅकेट काचा बंद असलेल्या मोठ्या कारमध्ये ठेवल्या ठेवल्या वाकतात, जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी वापरा. लायपो 60 अंशांच्या वर तापू देऊ नका आणि ठेवून द्यायची तर सेलमागे 3.8 व्होल्टवर.