रान राखायचंय? मग या चुका टाळा

पाऊस सुरू झाला की मुरबाड-शहापूरच्या गावांकडे रविवारी गाड्या निघतात. ठाण्या-नवी मुंबईतली उत्साही मंडळी, डिकीत रोपं. गावाने गुरचरणाचा किंवा डोंगराचा एक तुकडा निसर्गासाठी राखायचं ठरवलेलं असतं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचा हात कुदळीकडे जातो. चुकायला सुरुवात इथूनच होते. रान जुलैतल्या एका रविवारी उभं राहत नाही. ऑक्टोबर ते मे हे आठ कोरडे महिने ते कोण सांभाळतं, यावर सगळं ठरतं.

आधी खड्डे, मग पाहणी

आपल्याकडचे बरेचसे उघडे उतार ओसाड दिसतात, पण त्यांच्या पोटात मुळं जिवंत असतात. साग, ऐन, पळस, कुडा यांची तोडलेली, जळलेली खुंटं दर पावसाळ्यात फुटतात आणि दर उन्हाळ्यात वणव्यात जातात. गुडघाभर वाढलेला ऐनाचा फुटवा ‘झुडूप’ म्हणून कोयत्याने साफ करायचा आणि त्याच जागी गुलमोहराचं रोप लावायचं, हे सर्रास चालतं. त्या फुटव्याखाली खडकाच्या फटीतून खोल गेलेलं जुनं मूळ असतं. पिशवीत वाढलेल्या रोपाला तिथवर पोचायला वर्षं लागतात, आणि बहुतेक रोपं पहिला मे महिनाच काढू शकत नाहीत.

आमचा आग्रह असा की पहिलं वर्ष एकही रोप लावू नये. नोव्हेंबरात गवत कापून झालं की सुतळीने १० मीटर बाय १० मीटरचे पाच-सहा चौकोन आखा. प्रत्येक जिवंत खुंटाशेजारी चुना लावलेला दगड ठेवा आणि मोजा. एका चौकोनात दहा-बारा खुंटं निघाली तर तिथे रोपांची गरजच नाही. वणवा आणि चराई तीन वर्षं थांबवा, रान आपसूक वर येतं. एका खुंटाला आठ-दहा फुटवे असतील तर दुसऱ्या वर्षी जमिनीलगतचे जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढा. वनखात्याच्या जमिनीवर मात्र परवानगीशिवाय एक फांदीही तोडू नका.

जिथे खरोखर काही नाही तिथे दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डे मेमध्ये खणून ठेवा. वरची काळी माती आणि खालचा मुरूम वेगळा टाका. भरताना मुळांशी काळी मातीच गेली पाहिजे. ५ जूनला पर्यावरण दिन असतो म्हणून त्या दिवशी लावू नका. मुंबई-ठाण्यात मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून आहे, आणि वळवाच्या एका सरीनंतर आठ दिवस ऊन पडलं की कोवळी रोपं करपतात. वीतभर खोल माती ओली झाली की लावा, आणि १५ जुलैच्या आत संपवा. पिशवी पूर्ण फाडा, तळाशी गोल फिरलेली मुळं छाटा. जांभूळ, करंज, बेहडा, आवळा, बहावा अशी इथलीच झाडं घ्या.

जाळरेषा एकदाच काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जाळरेषा म्हणजे आग आत शिरू नये म्हणून हद्दीवर साफ ठेवलेला पट्टा. डिसेंबरात तो दहा फुटांचा पट्टा साफ होतो, फोटो निघतात, सगळे निर्धास्त होतात. मग जानेवारीपासून साग पानं टाकायला लागतो. एकेक पान सुपाएवढं, वाळून कडकडीत. मार्च उजाडेपर्यंत साफ केलेल्या पट्ट्यावर घोटाभर पाला साचलेला असतो. खाली खाचरात कुणी राब भाजत असतं, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळत असतं. दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, एक पेटतं पान उडून बांधापलीकडे पडतं आणि आग त्याच पट्ट्यावरून चालत उताराला लागते. चढावर ती धावते. तीन वर्षं जपलेले फुटवे अर्ध्या तासात काळे पडतात.

यात राब भाजणाऱ्याला बोल लावू नका, त्याचं भाताचं रोप त्यावरच उभं राहतं. जानेवारीतच पायथ्याच्या प्रत्येक शेतकऱ्याकडून भाजणीचा दिवस विचारून घ्या आणि त्या दिवशी चार माणसं तिथे हजर ठेवा. भाजणी सकाळी, वारा सुटायच्या आत उरकायची विनंती करा. रेषा खालच्या अंगाला २० फूट, बाकी हद्दीला १० फूट ठेवा आणि ती तीनदा झाडा: डिसेंबरात गवत, जानेवारीअखेर पाला, मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पाला. ओढलेला पाला काठावर ढीग करून सोडू नका. तोच गावात राबासाठी द्या, म्हणजे गावाचंही काम होतं.

आग लागलीच तर तिच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नका. दोन्ही बगलांनी ओल्या डहाळ्या आणि भिजवलेली गोणपाटं घेऊन झोडपत पुढे जा. अंगात सुती कपडे हवेत. स्वयंसेवकांना वाटतात ते पॉलिएस्टरचे टी-शर्ट आचेने वितळून कातडीला चिकटतात. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. दुसऱ्या दिवशी पहाटे फिरून धुमसती खोडं मातीने बुजवा.

गावाला न विचारता चराईबंदी

बाहेरच्यांनी लावलेली पाटी आठवडाभरही टिकत नाही. सातबारा पाहा, ग्रामसभेत ठराव घ्या, आणि त्यात काय बंद याबरोबर काय चालू हेही लिहा: कापून नेलेलं गवत, वाळलेलं सरपण, रानभाज्या. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असते, तिच्या नोंदवहीत हा तुकडा आणावा. साफसफाई करताना शेवळाचे जांभळट कोंब तुडवले गेले तर बायकांचा राग रास्तच आहे. पहिल्या पावसात दोन-तीन आठवडेच ती भाजी मिळते, आणि खाज मारायला त्यात घालायची काकडं ही फळं कुठल्या झाडाखाली पडतात हेही त्यांनाच ठाऊक असतं. आधी त्यांच्याबरोबर एक फेरी मारा.

आणखी काही चुका

बीजगोळे, म्हणजे मातीच्या गोळ्यात भरलेलं बी, फेकणं. सोपं आहे म्हणून लोकप्रिय आहे. उघड्यावर पडलेलं बी उंदीर-मुंग्या नेतात किंवा ते कोवळं असतानाच सुकतं. त्याच वेळात करवंदाच्या जाळीच्या कडेला बोटभर खोल बी टोका, काटे त्याची राखण करतात.

घाणेरी आणि रानमोडी ही बाहेरून आलेली, रान व्यापणारी झुडपं वरून कापणं. दुप्पट फुटतात. घाणेरीचं मूळ जमिनीखाली चार बोटांवर तोडा आणि झुडूप उलटं टाका. रानमोडी ऑगस्ट-सप्टेंबरात, माती ओली आणि फुलं यायची असताना मुळासकट उपटा.

झाडाखालचा पाला झाडून ‘स्वच्छता’ करणं. पाला फक्त जाळरेषेवरून काढायचा.

कापलेल्या गवताच्या ढिगात उघडा हात घालणं. फुरसं आणि घोणस तिथेच बसतात; आधी काठीने हलवा.

पाणवठा. उभ्या भिंतींच्या सिमेंटच्या टाकीत खारी आणि सरडे बुडून मरतात. एक बाजू उतरती ठेवा किंवा दगडांची पायरी रचा, दर आठवड्याला घासून पाणी बदला. डासांसाठी ओढ्यात किंवा डबक्यात गप्पी मासे सोडू नका, ते बेडकांची अंडी आणि पिल्लं खातात.