हॅलोवीनचा पोशाख घरी शिवताय? या चुका टाळा

फॅन्सी ड्रेसची सवय अंगात मुरलेली असली, की हॅलोवीनचा पोशाख हमखास चुकतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातला पोशाख दोन मिनिटांचा असतो. विंगेत आई उभी असते, पुठ्ठ्याचा मुकुट तिने शेवटच्या क्षणापर्यंत हाताने सावरलेला असतो, आणि मुलाने रंगमंचावर जाऊन ‘मी भाजीवाला’ एवढे म्हटले की पोशाखाचे काम संपते. हॅलोवीनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, अमेरिकेत मुले वेश करून घरोघर चॉकलेटे मागत फिरतात. तेव्हा मात्र तेवढ्याच वयाच्या मुलाला पोशाख घालून तासदीड तास थंडीत आणि अंधारात चालायचे असते, लोकांच्या घरांच्या पायऱ्या चढायच्या-उतरायच्या असतात, एका हातात चॉकलेटांची बादली सांभाळायची असते, आणि मध्येच त्याला शूही लागते. न्यू जर्सीत गेली अकरा वर्षे स्वतःच्या दोन मुलांसाठी आणि शेजारच्या बऱ्याच मुलांसाठी शिवणकाम केल्यावर माझे असे मत झाले आहे, की आपल्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्याने होतात. पुढे जे लिहिले आहे ते साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांना धरून आहे.

पहिली चूक मापाची. माझ्या मोठ्या मुलीची पहिली मधमाशी मी सप्टेंबरमध्ये, पातळ फ्रॉकवर माप घेऊन शिवली. प्रत्यक्ष दिवशी पारा पाच अंशांवर उतरला, पोशाखावरून जाकीट चढवावे लागले, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्या, पंख, नांगी असे सगळे त्या निळ्या जाकिटाखाली गडप झाले. तेव्हापासून मी माप घेताना मुलाला जाकीट किंवा निदान थर्मल आणि जाड स्वेटर घालूनच उभे करते आणि छातीच्या घेरात आणखी चार इंच सैल ठेवते. थंडीचा अंदाज बांधताना उदार असावे, कारण उत्तरेकडच्या राज्यांत ऑक्टोबरअखेरचा काही भरवसा नसतो. १९९१ साली मिनियापोलिस आणि सेंट पॉल या शहरांत हॅलोवीनलाच हिमवादळ सुरू झाले आणि चार दिवसांत २८.४ इंच बर्फ पडला. अंगभर एकसंध पोशाख शिवणार असाल, तर नुसती उंची आणि छाती पुरत नाही. खांद्याच्या मध्यापासून पुढून खाली, दोन पायांमधून पाठीवरून परत त्याच खांद्यापर्यंत असा धडाचा पूर्ण घेर टेपने मोजावा. हे एक माप राहून गेले, की मूल उभे असेपर्यंत पोशाख छान दिसतो आणि खाली वाकताच मांड्यांत रुततो.

कापड बेतण्यासाठी बाजारात मिळणारे छापील कागदी पॅटर्न वापरणाऱ्यांची चूक वेगळी असते. त्या पाकिटावरचे साइझ दुकानातल्या तयार कपड्यांच्या साइझशी जुळत नाहीत, म्हणून मुलाचे वय किंवा नेहमीचा साइझ न पाहता पाकिटावरचा मापांचा तक्ता पाहावा. शिवाय अमेरिकी पॅटर्नमध्ये शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडलेले जास्तीचे कापड (बहुतेक वेळा पाच-अष्टमांश इंच), आधीच धरलेली असते. आपण सवयीने तिच्या बाहेर आणखी इंचभर माया सोडून कापतो, शिवताना मात्र काठापासून पाच-अष्टमांश इंचावरच टीप मारतो, आणि मग वाघाचे अंग गोणपाटासारखे का लोंबते आहे हे कळत नाही. असे झालेच असेल तर उसवत बसू नये; बाजूच्या दोन्ही शिवणींवर आतून दुसरी टीप मारून मोकळे व्हावे.

एकसंध पोशाखाला पाठीवर चेन लावणे म्हणजे नुकतेच डायपर सुटलेल्या मुलावर अन्याय आहे. चेन पुढे लावावी, किंवा मुळात पोशाखच दोन तुकड्यांत, म्हणजे वर लांब कुडत्यासारखा आणि खाली इलास्टिकची पँट असा बेतावा. शेपूट पँटला शिवू नये, वरच्या तुकड्याला शिवावी. कारण सांगायला हवे का?

आता कापड. नवशिक्याने सॅटिन आणि नेटच्या नादी लागू नये, असे मी ठामपणे म्हणेन. सॅटिनचे धागे सुटतात, ते टाचण्यांतून घसरते, आणि नेट तर मुलांच्या मानेला आणि काखेला इतके टोचते, की तीन वर्षांचे मूल दहाव्या मिनिटाला पोशाख काढून टाकते. फ्लीस, म्हणजे लोकरीसारखे मऊ पॉलिस्टर कापड, उबदार असते, त्याच्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कान, ठिपके, पंख यांच्या कडा दुमडाव्या लागत नाहीत, आणि कापताना हात थोडा हलला तरी ते सांभाळून घेते. फक्त ते ताणले जाते, आणि तिथेच मशीन कुरकुरते. टाके सुटत असतील तर दोरा बदलण्याआधी सुई बदलावी. साधी सुई काढून विणीच्या कापडाची बॉल पॉइंट सुई, ९०/१४ क्रमांकाची, लावावी. शिवण लाटांसारखी फुगत असेल तर कापड मागून ओढू नये, सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी करावा, टाका तीन मिलिमीटरच्या पुढे न्यावा आणि अगदी अरुंद झिगझॅग वापरावा, म्हणजे ओढले तरी शिवण तटकन तुटत नाही. फ्लीसवर गरम इस्त्री टेकवली तर ते वितळून चकचकीत डाग पडतो आणि तो जात नाही.

खोटी फर घेतलीत, तर ती कात्रीने सरळ कापण्याची चूक एकदा प्रत्येक जण करतो. केस मध्येच कापले जातात, शिवणीवर टक्कल दिसते आणि घरभर महिनाभर केस सापडत राहतात. फर उलटी पसरून मागच्या कापडावर खडूने आखावे आणि ब्लेडने फक्त ते कापड चिरावे. सगळ्या तुकड्यांवरच्या केसांची दिशा वरून खाली अशी एकच ठेवावी, नाहीतर पुढून अस्वल आणि मागून साळिंदर होते. शिवणीत अडकलेले केस नंतर टाचणीच्या टोकाने बाहेर ओढून घ्यावेत. शिवण दिसेनाशी होते.

हॉट ग्लू गनवर माझा राग आहे, हे आधीच कबूल करते. ती झटपट काम करते म्हणून रात्री अकरा वाजता सगळे तिच्याकडे वळतात. पण तो गोंद थंडीत कडक होतो, आणि हाताचा, दप्तराचा, गाडीच्या सीटचा धक्का लागला की पापुद्र्यासारखा सुटतो. पुठ्ठ्याला पुठ्ठा, फोमला फोम चिकटवायला ती ठीक आहे. जिथे कापड वाकते किंवा ताणले जाते, म्हणजे खांदा, कोपर, बसण्याची जागा, तिथे सुईदोऱ्याला पर्याय नाही. ऐन वेळी चिकटवावे लागलेच, तर चारही कोपऱ्यांना दोन-दोन टाके घालून घ्यावेत. आणि मुलाच्या अंगात पोशाख असताना ग्लू गन कधीही वापरू नये. जास्त तापणाऱ्या गनमधला गोंद १९० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो.

विस्तवाच्या बाबतीत मात्र आपले घरचे शहाणपण थोडे तपासून घ्यावे लागते. फटाके उडवताना सुती कपडे घाला, हे आपण लहानपणापासून ऐकले आहे, आणि ते चूक नाही, कारण कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा हॅलोवीनचा सल्ला मात्र नायलॉन किंवा पॉलिस्टर घ्या असा आहे, कारण पातळ, विरळ विणीचे सुती कापड ज्योत लागताच भडकते आणि हे धागे तुलनेने उशिरा पेट घेतात. दोन्ही सल्ल्यांमागे कारणे आहेत. माझ्या मते कापडापेक्षा बेत महत्त्वाचा: कोरलेले भोपळे दारात आणि पायऱ्यांवर, म्हणजे बरोबर चार वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेले असतात आणि काहींच्या पोटात अजूनही खरी मेणबत्ती असते. तिथून जाताना घोळदार झगा, लोंबत्या बाह्या, जमिनीवर लोळणारी केप हे धोक्याचे आकार आहेत. आईची जुनी सुती किंवा शिफॉनची साडी फाडून केलेली परीची ओढणी दिसते सुंदर, खर्चही शून्य, पण या एका संध्याकाळी ती नको. केप गुडघ्याच्या वर संपवावी आणि बाही मनगटाशी इलास्टिकने आवळावी.

केपला गळ्यात नाडी बांधणे ही तितकीच गंभीर चूक आहे. मुलांच्या कपड्यांच्या टोपीला आणि गळ्याला नाड्या नकोत, असे मार्गदर्शन त्याच आयोगाने १९९६ मध्ये केले, कारण त्या घसरगुंडीत अडकून गळा आवळला गेल्याच्या घटना घडल्या होत्या. केप दोन्ही खांद्यांवर वेल्क्रोच्या बोटभर तुकड्यांनी लावावी. कुणी पाय दिला किंवा ती कुठे अडकली तर नुसती सुटून हातात येते. गाडीने जायचे असेल तर फुगीर, कापूस भरलेला पोशाख घालून मुलाला कार सीटमध्ये बांधू नये. धडक बसली तर तो कापूस दबतो आणि आवळून बसवलेला पट्टा सैल पडतो. पोशाख गाडीतून उतरल्यावर घालावा.

डोक्यावर काय, हा प्रश्न दर वर्षी येतो. मुखवटा नको, हे माझे उत्तर. त्याने बाजूचे दिसत नाही, आणि कित्येक शाळा मिरवणुकीत मुखवटे आणि खोटी शस्त्रेही चालवून घेत नाहीत. शाळेचे पत्रक पोशाख ठरवण्याआधी वाचावे, नंतर नव्हे. हेअरबँडवरचे कान दोन वर्षांचे मूल काढून फेकते, हनुवटीखालचे इलास्टिक त्याला काचते. फ्लीसचीच टोपी पोशाखाला जोडून तिच्यावर कान शिवले, की डोके उबदार राहते आणि कान हरवत नाहीत. टोपी डोळ्यांवर घसरत असेल तर तिच्या आतल्या बाजूला कपाळाशी दोन टिकटॅक क्लिपा शिवून टाकाव्यात आणि त्या केसांत अडकवाव्यात.

मांजराच्या मिशा काढायला आपला हात आपोआप काजळाकडे जातो. जाऊ देऊ नये. काजळ, सुरमा यांच्या अनेक नमुन्यांत शिसे सापडल्यामुळे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन त्यांच्याबाबत सावध करते, आणि शेंदराची गोष्टही तीच आहे. चेहऱ्यासाठीच बनवलेला, पाण्याने निघणारा रंग घ्यावा, निदान एक दिवस आधी दंडावर थोडा लावून पाहावा, आणि हस्तकलेची चमकी चेहऱ्याला लावू नये, तिचे धारदार कण डोळ्यांत जातात.

२००७ पासून अमेरिकेतली घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोवीनला संध्याकाळी थोडा जास्त उजेड मिळतो. तरीही न्यू जर्सीत सूर्य सहाच्या आत मावळतो. १९७५ ते २०१६ या काळातल्या नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला होता. वटवाघूळ, चेटकीण, काळे मांजर हे सगळे काळेच. पोशाखाचा रंग बदलायची गरज नाही. परावर्तक पट्टी पाठीवर, बाह्यांवर आणि बादलीवर लावावी, आणि कापडावरची पट्टी चिकटवण्याऐवजी शिवावी. दिव्यांची माळ पोशाखात गुंफण्याचा मोह होतो, पण त्या माळांत बहुधा नाण्याएवढी बॅटरी असते, आणि गिळली गेली तर ती दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. डबीला स्क्रू नसेल तर ती माळ लहान मुलाच्या पोशाखात वापरू नये. तीन वर्षांखालच्या मुलांच्या पोशाखावर बटणाचे नाक आणि पॉमपॉमसुद्धा नकोत, डोळे-नाक फेल्टचे कापून चारही बाजूंनी शिवावेत.

पुठ्ठ्याच्या खोक्याचा रोबो करणाऱ्यांना एकच विनंती: त्यात मुलाला बसवून पाहा आणि जिना चढवून पाहा. बहुतेक खोकी तिथेच नापास होतात, मग पुढची बाजू मांडीपर्यंत कापावी लागते.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे पोशाख पहिल्यांदा ३१ तारखेलाच घालणे. आठवडाभर आधी तो अर्धा तास घरात घालून मुलाला खेळू द्यावे, जेवू द्यावे, एकदा बाथरूमला जाऊ द्यावे. कुठे टोचते, काय घसरते, कुठे पाय अडकतो हे तेव्हाच कळते, आणि ‘मला वाघ व्हायचं नाहीये’ हेही तेव्हाच कळलेले बरे. आतली शिवण टोचत असेल तर तिच्यावर जुन्या मऊ टी-शर्टची पट्टी शिवावी.

ऐन संध्याकाळी जे बिघडते ते ठरलेले असते. पँट लांब झाली, तर सेफ्टी पिना न लावता हाताने मोठे कच्चे टाके घालून ती घोट्याच्या वर घ्यावी. चेन अडकली, तर तिच्या दातांवर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासावा. पंख मागे पडत असतील, तर त्यांच्या मुळाशी आतून पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून त्यासकट पाठीवर टाके घालावेत. एवढ्यासाठी मी ओवलेल्या दोन सुया, एक पांढऱ्या आणि एक काळ्या दोऱ्याची, औषधाच्या रिकाम्या डबीत घालून जाकिटाच्या खिशात ठेवते. गेल्या वर्षी ती डबी चौथ्याच घरी उघडावी लागली, आणि ज्याचे शेपूट शिवले तो डायनासोर आमचा नव्हता.