जवळचा डोंगर कसा वाचावा

यासाठी उन्हाळाच बरा. गवत वाळतं, ओढे आटतात आणि खडक उघडा पडतो. मात्र सकाळीच उरका.

सुरुवातीला डोंगर चढू नका, लांबून बघा. बालाघाट असो की अजिंठ्याची रांग, माथा सपाट आणि अंगाला पायऱ्या दिसतील. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर बसत गेले. थरातला घट्ट भाग कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ भागाचा उतार होतो. आता समोरच्या डोंगराकडे बघा. तेच पट्टे बहुधा त्याच उंचीवर सापडतील. एकेकाळी ते सलग होते, मधली जमीन पाण्यानं कोरून नेली. म्हणजे डोंगर वर आलेला नाही, भोवतालचं रान खाली गेलंय. (देवगिरीचा ताशीव कडा मात्र यात धरू नका, तो माणसांनी तासलाय.)

मग घाटरस्त्यात डोंगर कापलेली जागा गाठा. सैल दगडांखाली उभं राहू नका. एकेक थर खालून वर बघत जा. खाली घट्ट काळा पाषाण, वर बारीक छिद्रांचा खडक. लाव्हातले वायूचे बुडबुडे वर चढले आणि तिथंच अडकले, त्यांची ही छिद्रं. काहींत नंतर पांढरे स्फटिक भरलेले असतात. त्याच्या डोक्यावर गेरूसारखा तांबडा पट्टा दिसला तर घाई करू नका. लाव्हाच्या दोन लोटांमध्ये बराच काळ गेला, तेवढ्यात जुना पृष्ठभाग ऊनपावसानं कुजला, आणि पुढच्या लोटानं तो झाकला. मला तरी कड्यांपेक्षा हा पट्टाच जास्त बोलका वाटतो.

वरच्या मुरमात गोल धोंडे असतील. त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. खडकाची माती अशीच होते.

आता माळावरून ओढ्याच्या कडेनं उतरा. वर बरड, वीतभर माती. खाली काळं, खोल रान. हा फरक पावसानं वाहून आणलेल्या मातीचा. काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात भेगा पडतात. तिच्यातला पांढरट खडा उचलून त्यावर व्हिनेगर टाका. फसफसला तर चुनखडी. ओढ्यातले दगडही बघत चला, वर धारदार, नदीजवळ गोटे.

फोटो काढताना थराशेजारी पेन ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर जाडीचा अंदाज येत नाही.