घमेल्यात ज्वालामुखीचं सरोवर

धुळ्याकडच्या माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी सांगतंच, "बाई, ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साचलं की तळं होतं." लहान तळ्यांपुरतं ते खरं. पण मोठी तळी डोंगर खचून होतात, आणि खचणं फळ्यावर काढून कळत नाही. ते घमेल्यात दाखवा.

जुन्या प्लास्टिकच्या घमेल्याला बुडाशी भोक पाडून नळी आत घ्या, टोकाला फुगा बांधा. मोसंबीएवढा फुगवून नळी चिमट्याने बंद करा. वर चाळलेल्या रेतीचा डोंगर रचा, शेवटचा थर ज्वारीच्या पिठाचा. त्यावर भेगा स्पष्ट दिसतात. रेती कोरडीच हवी. पहिल्यांदा मी पांझरेतली ओली रेती घेतली होती. फुगा बसला, पण वरचं छत तसंच उभं राहिलं.

आता हवा हळूहळू सोडा. आधी गोल भेगा पडतात, मग मधला भाग खाली बसतो आणि कडा उभ्या राहतात. अमेरिकेत ओरेगनमधल्या माझामा डोंगराच्या पोटातला शिलारस सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी उसळून बाहेर पडला, आणि आधार गेलेला माथा असाच खचला. तिथलं क्रेटर लेक ५९४ मीटर खोल आहे. त्याला नदी येऊन मिळत नाही, त्यातून निघतही नाही. सगळं पाणी पावसाचं नि बर्फाचं. गाळ आणणारं कुणी नाही, म्हणून ते इतकं नितळ निळं. तापीचा गढूळ पूर पाहिलेल्या पोरांना हे चटकन पटतं. खड्ड्यात प्लास्टिक अंथरून पाणी भरा.

"मग लोणार?" हे विचारतातच. परातीत रेती सपाट करा, वर रांगोळी भुरभुरा आणि उंचावरून गोटी टाका. कड उचलली जाते, खालची रेती रांगोळीवर उधळते. लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर असंच, उल्केच्या आघाताचं. तिथल्या खडकात मास्केलिनाइट नावाची काच सापडली, जी प्रचंड धक्क्याच्या दाबाखालीच तयार होते.

मग पोरांना बाहेर न्या. धुळे-नंदुरबारच्या माळांवर काळ्या दगडाच्या लांबच लांब नैसर्गिक भिंती आहेत, त्यांना डाईक म्हणतात. आपल्याकडचा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या भेगांतून आला. भेगांतच थिजलेला शिलारस म्हणजे या भिंती. भिंग सोबत घ्या. भिंतीच्या कडेचे कण बारीक असतात, कारण कडा लवकर निवल्या; मधले त्याहून मोठे. आधी कड बघायला सांगा, मग मध्य.