जगाचा भूगोल शिकताना आणि परदेशी जाताना या चुका टाळा

नागपुरात वाढलेल्या बहुतेक मुलांना शून्य मैलाचा दगड लहानपणीच दाखवला जातो आणि ‘हा भारताचा मध्य’ असे सांगितले जाते. मलाही आजोबांनी बोट धरून नेऊन असेच सांगितले होते आणि भूगोल विषय घेऊन पदवीच्या वर्गात येईपर्यंत मी ते तसेच मानत होतो. ब्रिटिश काळातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातून १९०७ साली उभारलेला तो वालुकाश्माचा स्तंभ अंतरे मोजण्याचा एक संदर्भबिंदू आहे. निरनिराळ्या गावांची अंतरे त्यावर मैलांत कोरलेली आहेत. आजच्या भारताचा भौगोलिक मध्य मात्र मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यात करौंदी या गावाजवळ मानला जातो. जिथून मोजायला सुरुवात केली ती जागा वेगळी आणि मध्य वेगळा, हे समजल्यावर मी माझ्या जुन्या वह्या पुन्हा उघडल्या, तेव्हा माझ्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असल्याचे दिसले. उत्तर पाठ होते, पण ते कुठून मोजले आहे, हे मी कधी विचारलेच नव्हते.

शिखरांची उंची हे याचे सर्वांत सोपे उदाहरण आहे. एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर उंच आहे, हा २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेला आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. मोजणी पृथ्वीच्या केंद्रापासून केली, तर इक्वेडोरमधील चिंबोराझो हे अवघे ६,२६३ मीटरचे शिखर एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटरने पुढे निघते, कारण पृथ्वी विषुववृत्ताजवळ फुगीर आहे आणि चिंबोराझो विषुववृत्ताला लागून उभे आहे. पर्वताच्या पायथ्यापासून मोजले, तर हवाई बेटांवरील मौना केआ दहा हजार मीटरांहून उंच ठरते, कारण त्याचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याखाली आहे. स्पर्धा परीक्षेत ‘सर्वांत उंच’ एवढेच वाचून उत्तरावर खूण करणारा विद्यार्थी इथेच चुकतो. प्रश्नातील ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द आधी शोधावा.

भिंतीवरच्या नकाशावर विश्वास ठेवू नका

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा पुष्कळदा मर्केटर प्रक्षेपणावर काढलेला असतो. प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत. खेरार्डस मर्केटर यांनी १५६९ साली तो खलाशांसाठी तयार केला. त्यावर ओढलेली सरळ रेषा जहाजाला एकाच होकायंत्र-दिशेने घेऊन जाते आणि या एका गुणासाठी क्षेत्रफळाचा बळी दिलेला आहे. या नकाशावर ६० अंश अक्षांशाजवळ प्रत्येक अंतर दुप्पट आणि म्हणून प्रत्येक क्षेत्रफळ चौपट दिसते, आणि ध्रुवाकडे जावे तसा हा फुगवटा वाढतच जातो. त्यामुळे ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे ३ कोटी ३ लाख चौरस किलोमीटरची आणि ग्रीनलंड सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतील. ग्रीनलंड भारतापेक्षाही लहान आहे, हे मी वर्गात पहिल्यांदा सांगितले तेव्हा दोन मित्रांनी मोबाईल काढून आकडा पडताळून पाहिला. त्यांनी पडताळले हेच मला योग्य वाटते.

ही केवळ आकाराची गफलत नाही. मोठे दिसते ते महत्त्वाचे वाटते, आणि ज्या खंडात ५४ देश आणि सुमारे दोन हजार भाषा आहेत, त्याला आपण ‘आफ्रिकेत असे असते’ या तीन शब्दांत बसवतो. कैरो आणि केपटाऊन यांच्यातील अंतर नागपूर ते लंडन या अंतराच्या जवळपास आहे, हे लक्षात ठेवले तर तसे वाक्य सहजासहजी तोंडातून निघणार नाही.

दुरुस्तीसाठी महागडे साधन लागत नाही. शाळेतला पृथ्वीगोल आणि हातभर दोरा पुरेसा आहे. दोऱ्याचे एक टोक नागपूरवर आणि दुसरे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणावा. सपाट नकाशावर पॅसिफिक महासागर आडवा ओलांडावा लागेल असे वाटते, पण ताणलेला दोरा चीन, सायबेरिया, ध्रुवीय वृत्त आणि अलास्का यांच्यावरून जातो. लांब पल्ल्याची विमाने उत्तरेकडे ‘वळसा’ का घेतात, या प्रश्नाचे उत्तर त्या दोऱ्यातच आहे. तो वळसा नसून तोच जवळचा मार्ग आहे. क्षेत्रफळांची तुलना करायची असेल, तर समक्षेत्र प्रक्षेपणाचा, म्हणजे क्षेत्रफळांचे प्रमाण खरे राखणारा, नकाशा वापरावा. नकाशाच्या कोपऱ्यात प्रक्षेपणाचे नाव छापलेले असते आणि ते वाचण्याची सवय प्रत्येक विद्यार्थ्याने लावून घेतली पाहिजे.

विषुववृत्त म्हणजे सर्वांत कडक ऊन नव्हे

ही चूक नागपूरकराने तरी करू नये, कारण तिचा पुरावा आपल्या दारात आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य डोक्यावर असतो, म्हणून तिथे सर्वाधिक उष्णता, असे सूत्र आपण शाळेत धरून बसतो. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम एक अंशावर आहे. तिथे दुपारचे तापमान वर्षभर ३१ ते ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि ३७ अंश हा तिथला उच्चांक आहे. नागपूर २१ अंश उत्तरेला असूनही मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे आपल्याला नवे नाही.

कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य आपल्याही डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. जुलैतला दिवस ढगांत जातो, पण मेमध्ये आकाश निरभ्र असते, जमीन कोरडी असते आणि दिवस सव्वा तेरा तासांचा असतो, तर विषुववृत्तावर तो बारा तासांच्या आसपासच राहतो. सिंगापूरला चहूबाजूंनी समुद्र आहे, दुपारी ढग जमून सरी पडतात आणि सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. आपल्याकडे मेमध्ये वाफ होण्यासाठी पाणीच उरलेले नसते, म्हणून ती सगळी उष्णता जमीन आणि हवा तापवते. कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडल्यावर खोली का थंड होते, त्याचे कारणही हेच आहे. दमट ऊन अंगाला अधिक टोचते, हे खरे. पण ती शरीराची तक्रार झाली, तापमापकाची नव्हे.

सूर्य असा बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस प्रत्येकाने एकदा तरी गच्चीवर जाऊन पाहावा. सरळ उभ्या ठेवलेल्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. बरेच जण बरोबर बारा वाजता जातात, सावली दिसते आणि निराश होऊन खाली येतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून मोजलेली आहे आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला सुमारे ७९.१ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपली मध्यान्ह सरासरी तेरा-चौदा मिनिटे उशिरा होते. मेच्या अखेरीस ती घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास येते.

कोणत्याही ठिकाणचे हवामान वाचताना अक्षांशापाशी थांबू नये. इक्वेडोरची राजधानी क्विटो विषुववृत्तालगत आहे, पण २,८५० मीटर उंचीवर असल्यामुळे तिथले सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास असते. लंडन कॅनडातील विनिपेगपेक्षा थोडे उत्तरेलाच आहे, तरी अटलांटिकवरून येणाऱ्या उबदार वाऱ्यांमुळे लंडनचा जानेवारी सौम्य असतो आणि भूखंडाच्या मधोमध असलेले विनिपेग गोठून जाते. उंची, समुद्रापासूनचे अंतर आणि वाऱ्यांची दिशा या तीन गोष्टी तपासल्याशिवाय बॅगेत कपडे भरू नयेत.

तारीख कुठे बदलते, हे तिकिटावर पाहा

माझ्या मामांचे मुंबईहून सुटणारे विमान एकदा चुकले. तिकिटावर १२ तारीख आणि ००:४० ही वेळ होती. मामा १२ तारखेला सकाळी नागपूरहून निघण्याची तयारी करत होते, तेव्हा विमान उडून कितीतरी तास झाले होते. तिकीट काढून देणाऱ्याने ते बोलून दाखवले नाही आणि घरात कोणाच्या लक्षात आले नाही. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, म्हणून अकराची मध्यरात्र उलटली तरी मनात ती अकराचीच रात्र असते. ००:०० ते ०४:०० या वेळेतील तिकीट दिसले की दिनदर्शिकेवर आदल्या रात्रीच्या चौकोनात विमानतळावर पोहोचण्याची वेळ लिहून ठेवावी. त्यानंतर आमच्या घरी हा नियमच झाला आहे.

सूर्योदयापासून मोजणारे आपण एकटे नाही. इथिओपियात लोक घड्याळही तसेच वाचतात. आपले सकाळचे नऊ त्यांचे तीन असतात. तिथल्या वर्षाला तेरा महिने आहेत, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा, आणि त्यांचा सनही आपण वापरतो त्याच्या सात-आठ वर्षे मागे चालतो. तिथे कोणी भेटीची वेळ दिली, तर ती स्थानिक मोजणीची आहे का, एवढे विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. सामोआ या देशाने तर आंतरराष्ट्रीय वाररेषेची (जिथे तारीख बदलते त्या रेषेची) पूर्वेकडील बाजू सोडून पश्चिमेकडील बाजू स्वीकारताना ३० डिसेंबर २०११ हा दिवसच वगळला. तिथे गुरुवारनंतर थेट शनिवार उजाडला.

मुदतींचेही असेच आहे. युरोपातील शेंगेन गटाच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते, पण हे १८० दिवस पहिल्या प्रवेशापासून पुढे न मोजता, तिथे असलेल्या प्रत्येक दिवसापासून मागे मोजायचे असतात. पासपोर्टची मुदत शेंगेनमध्ये परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने उरलेली लागते, तर पुष्कळ देश आगमनाच्या दिवसापासून सहा महिने मागतात. मुदत पाहिली म्हणजे काम झाले असे समजू नये. ती कोणत्या दिवसापासून धरतात, ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचावे.

देश आणि राजधान्यांच्या यादीबद्दल थोडक्यात सांगतो. पाठ केलेली यादी किती सालची आहे, हे पाहावे. कझाकस्तानची राजधानी २०१९ साली अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ साली पुन्हा अस्ताना झाली; स्वाझीलँड २०१८ पासून एस्वातिनी आहे; दक्षिण सुदान २०११ पूर्वीच्या नकाशासंग्रहात सापडणारच नाही. ग्रंथालयातील नकाशासंग्रह हाती घेतला की आधी छपाईचे वर्ष पाहावे.

एका सणावरून समाज ओळखू नका

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एखादा परदेशी पाहुणा नागपूरच्या महाल भागातल्या गर्दीत उभा आहे, अशी कल्पना करा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातील मोठे पुतळे, निघाली आहे, मागे बडग्यांची, म्हणजे पुरुषरूपातील पुतळ्यांची, रांग आहे आणि लोक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत आहेत. शेवटी त्या पुतळ्यांचे दहन होते. त्या पाहुण्याने परत जाऊन ‘या शहरात स्त्रीची प्रतिमा जाळतात’ एवढेच लिहिले, तर त्यात डोळ्यांनी पाहिलेले खोटे काहीच नसेल आणि तरीही आपल्याला ते मनापासून लागेल. रोगराई आणि वाईट चाली गावाबाहेर घालवण्याचा हेतू, बडग्यांवर लिहिलेली महागाईविरुद्धची किंवा भ्रष्टाचाराविरुद्धची घोषवाक्ये, आदल्या दिवशी बैलांची आणि त्या दिवशी लाकडी नंदीबैल घेऊन निघालेल्या मुलांची मिरवणूक, हे सगळे त्याच्या नजरेतून सुटलेले असेल. दुसऱ्या देशातील विधीचा तीस सेकंदांचा व्हिडिओ पाहून आपण मत देतो, तेव्हा आपण त्याच पाहुण्याच्या जागी उभे असतो. विधी पाहिला की तो कोणाचा, केव्हापासूनचा आणि त्याच्या आदल्या-दुसऱ्या दिवशी काय होते, हे स्थानिक माणसाला विचारावे आणि त्यानंतरच वहीत लिहावे.

‘बौद्ध देश’ हा शब्दही आपण असाच सरसकट वापरतो. मी स्वतः एका निबंधात श्रीलंका, थायलंड आणि जपान यांना एका वाक्यात बसवले होते आणि सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली होती. थेरवाद आणि महायान या बौद्ध धर्माच्या दोन वेगळ्या शाखा आहेत; श्रीलंका आणि थायलंड थेरवाद परंपरेचे, जपान महायान परंपरेचा. भिक्षूंचे नियम, ग्रंथांची भाषा आणि सण सगळ्यांतच फरक आहे. हे समजून घेण्यासाठी दीक्षाभूमीसारखी जागा दुसरी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी ब्रह्मदेशात जन्मलेले आणि कुशीनगरला वास्तव्य असलेले होते, आणि आजही तिथे निरनिराळ्या देशांतून उपासक येतात. त्या दीक्षेचे बुद्धवर्ष, म्हणजे बुद्धांच्या महापरिनिर्वाणापासून मोजलेले वर्ष, कोणते, असे श्रीलंकेतून आलेल्या उपासकाला विचारले तर तो २५०० सांगेल आणि थायलंडहून आलेला २४९९ सांगेल. दोघांचेही बरोबर असेल, कारण श्रीलंकेत महापरिनिर्वाणानंतरचे चालू वर्ष पहिले धरतात आणि थायलंडमध्ये पूर्ण झालेली वर्षे मोजतात.