थट्टा जिव्हारी लागली, तर हौशी खेळाडूंनी ती कशी निस्तरावी

हौशी धावपटूंच्या किंवा सायकलपटूंच्या गटात एखाद्या विनोदी पोस्टवरून दोघांचा अबोला सुरू झाला, की बाकीचे सगळे एकाच प्रश्नावर अडून बसतात: तो विनोद होता की अपमान? हा प्रश्न सुटत नाही, कारण लिहिणाऱ्याचा हेतू एक असतो, वाचणाऱ्याला लागलेला अर्थ दुसरा असतो आणि दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात. त्यापेक्षा त्या विनोदातून कोणता आरोप निघतो, हे आधी शोधावे. हौशी खेळात थट्टा बहुधा तीन ठिकाणी झोंबते: नोंदवलेल्या वेळेचा वा अंतराचा खरेपणा, शरीर आणि गटातले स्थान. आरोप कळला की दुरुस्ती कशाची करायची, हे ठरवता येते.

यांपैकी खरेपणावरचा आरोप सर्वांत खोल जातो, हे थट्टा करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. कोणी दहा किलोमीटरची आपली सर्वोत्तम वेळ टाकली आणि त्याखाली ‘शेवटचे दोन किलोमीटर गाडीत बसला होतास का?’ असे मित्राने लिहिले, तर मित्राला ते कौतुकच वाटत असते. परंतु मधला मार्ग गाळून शर्यत पूर्ण केल्याची उदाहरणे खरोखर घडलेली आहेत. १९८० च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये महिलांत पहिली ठरलेली रोझी रुइझ हिचे विजेतेपद याच कारणाने काही दिवसांत काढून घेण्यात आले आणि कॅनडाच्या जॅकलिन गारो हिला विजेती घोषित करण्यात आले. ही गोष्ट धावणाऱ्यांच्या जगात आजही सांगितली जाते. शिवाय सरावात हौशी खेळाडूवर कोणी पंच नसतो आणि त्याला बक्षीसही नसते. त्याने सांगितलेल्या वेळेवर सोबत्यांनी विश्वास ठेवावा, एवढीच त्याची मिळकत असते.

म्हणून अशा थट्टेची दुरुस्ती करताना ‘गंमत केली रे’ एवढे पुरत नाही. ‘तुझ्या वेळेबद्दल मला शंका नाही’ हे स्पष्ट शब्दांत आणि जिथे थट्टा झाली तिथेच लिहावे लागते. आकड्यांत विसंगती दिसत असली, तरी तिची प्रामाणिक कारणे बरीच असतात. उंच इमारतींमध्ये आणि दाट झाडीखाली घड्याळाचा जीपीएस भरकटतो. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर अंतर धावपटूला घेता येईल अशा सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले असते आणि प्रमाणित मार्गात ते कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरलेला असतो, त्यामुळे घड्याळ बहुधा थोडे अधिकच दाखवते. बंदुकीच्या आवाजापासूनची वेळ आणि चिपची वेळ, म्हणजे धावपटूने स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ, यांतही गर्दीच्या शर्यतीत काही मिनिटांचा फरक पडू शकतो. खरोखर शंका असेल, तर ती खासगीत आणि प्रश्न म्हणूनच विचारावी. सरावाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हासारख्या ॲपवर एखाद्याची नोंद गंमत म्हणून ‘फ्लॅग’ करणे, म्हणजे संशयास्पद म्हणून कळवणे, तर टाळावेच, कारण त्यामुळे ती नोंद क्रमवारीतून बाहेर जाऊ शकते आणि थट्टेची रीतसर तक्रार होऊन बसते.

उत्तेजकांवरून केलेली थट्टाही याच वर्गातली आहे. दम्याच्या खेळाडूचा इनहेलर पाहून ‘आज काय घेऊन आलास?’ असे लिहिणारे अनेक असतात. सालब्युटामॉल हे दम्याचे औषध श्वासावाटे घेण्यास जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे नियम २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत परवानगी देतात, हे त्यांना ठाऊक नसते आणि ते समजावण्याची पाळी मात्र आजारी माणसावर येते.

शरीरावरच्या विनोदाचा विचार वेगळा करावा लागतो. वजन, पोट, पायांची ठेवण किंवा घट्ट कपड्यांतला फोटो यांवरची थट्टा वरवर साधी दिसते. पण गरजेपेक्षा कमी खाऊन जास्त सराव करणाऱ्या खेळाडूंच्या हाडांवर, पाळीवर आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, हे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये एका निवेदनात मांडले आहे आणि हा धोका केवळ व्यावसायिकांपुरता नाही. आपल्या विनोदानंतर समोरचा जेवण कमी करू लागला आहे का, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी स्पष्टीकरण न देता पोस्ट काढावी आणि माफी मागावी. हेतू सांगत बसू नये. गटातल्या स्थानावरच्या थट्टेला, म्हणजे ‘तुझी वाट पाहत आमचा चहा गार झाला’ अशा प्रकाराला, एवढे करावे लागत नाही. पुढच्या सरावात त्या व्यक्तीच्या वेगाने आपण सोबत धावलो, की बहुतेक काम होते.

आता थट्टा करणाऱ्याने पहिल्या काही तासांत काय करावे, ते पाहू. हसणारी चिन्हे जोडली होती, हा बचाव करू नये. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी १९८२ मध्ये विनोद ओळखू यावा म्हणून विरामचिन्हांतून हसरा चेहरा सुचवला, तो लेखी विनोद चुकीचा वाचला जात होता म्हणूनच. २००५ मध्ये जस्टिन क्रुगर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला कळेलच, असे लिहिणाऱ्यांना प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त वाटत होते. स्वतःचा सूर स्वतःच्या डोक्यात वाजत असतो. समोरच्याला फक्त अक्षरे दिसतात.

व्हॉट्सॲपवर संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि सर्वांसाठी पुसण्याची मुदत त्याहून बरीच मोठी आहे. पण पुसल्याची खूण मागे राहते आणि स्क्रीनशॉट कोणी घेतला असेल तर तो राहतोच. म्हणून नुसते पुसून गप्प बसल्याने संशय वाढतो. आधी त्या व्यक्तीला फोन करावा, मग संदेश काढावा आणि शेवटी गटात दोन ओळी लिहाव्यात: काय लिहिले होते आणि ते का चुकीचे होते. ‘कोणाला वाईट वाटले असेल तर क्षमस्व’ हे वाक्य मात्र वापरू नये. त्यात चूक वाईट वाटून घेणाऱ्याची ठरते.

ज्याची थट्टा झाली, त्याने त्याच रात्री गटात उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिथे प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांसमोर कोणी माघार घेत नाही. दुसऱ्या दिवशी खासगीत ‘तुझ्या पोस्टचा अर्थ मी खोटी वेळ सांगतो असा होतो, ते मला लागले, गटात तेवढे स्पष्ट कर’ एवढे लिहावे. आरोप आणि मागणी दोन्ही त्यात आली पाहिजेत. नुसते गट सोडून जाणे किंवा सूचक स्टेटस ठेवणे याने तिसऱ्याच लोकांना तर्क लढवायला विषय मिळतो. लिंग, धर्म, वर्ण किंवा अपंगत्व यांवरून हिणवले असेल, तर मात्र सामोपचाराची पहिली पायरी आपण चढायची गरज नाही. स्क्रीनशॉट ठेवून थेट अ‍ॅडमिन किंवा प्रशिक्षकाकडे जावे.

हसून गेलेल्या बाकीच्यांचीही यात जबाबदारी असते. एका माणसाचा टोमणा सोसता येतो, पण त्याखाली वीस हसरी चिन्हे असली, तर तो गटाचा निकाल वाटतो. आपले चिन्ह काढून घेणे फुकट आहे आणि फार उपयोगी पडते. अ‍ॅडमिनने दोघांना सर्वांसमोर हात मिळवायला लावू नये. तो देखावा दोघांनाही नको असतो. त्याऐवजी दुसऱ्याचा फोटो, वेळ किंवा ॲपवरची नोंद घेऊन मीम करण्यापूर्वी त्याला विचारायचे, एवढा एकच नियम गटाच्या माहितीत लिहून ठेवावा.

सरावाच्या मांडणीकडे विशेष लक्ष द्यावे, विशेषतः सायकलपटूंच्या गटात. वारा तोडण्यासाठी एकामागे एक चालवताना पुढच्याचे चाक एक मीटरपेक्षाही जवळ असते आणि पुढचा खड्डा दाखवेल, एकदम ब्रेक लावणार नाही, या भरवशावर मागचा चालवतो. ज्यांचे बोलणे बंद आहे त्यांना अशा ओळीत लागोपाठ ठेवू नये. पोहण्याच्या एकाच लेनमध्ये किंवा रिलेच्या एकाच संघातही त्यांना लगेच टाकू नये. माफी मागूनही ती स्वीकारली गेली नाही, तर ती पुन्हा पुन्हा मागत राहू नये. दोघांनी वेगळ्या वेगाच्या तुकड्यांत सराव करावा, ॲपवर एकमेकांच्या नोंदी म्यूट कराव्यात आणि शर्यतीच्या दिवशी नेहमीप्रमाणे एकमेकांना पाण्याची बाटली पुढे करावी.