चर्चसाठी ऑनलाइन देणग्या स्वीकारताना या चुका टाळा

चर्चच्या दारात क्यूआर कोड लावला की ऑनलाइन देणगीची सोय झाली, अशी समजूत सर्रास आढळते. अडचणी मात्र बहुधा त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे बँकखाते आणि कागदपत्रे यांत असतात.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे सण तोंडावर आला म्हणून खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा कोड तात्पुरता लावणे. हेतू कितीही शुद्ध असला तरी ती रक्कम त्या व्यक्तीच्या खात्यात जमा दिसते, आयकर विभागाने विचारणा केल्यास खुलासा तिलाच करावा लागतो आणि धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) हिशेबात त्या पैशांचा माग लागत नाही. स्कॅन केल्यावर चर्चच्या न्यासाचेच (ट्रस्टचेच) नाव दिसले पाहिजे आणि ते जसे दिसते तसेच कोडखाली छापले पाहिजे, कारण मूळ कोडवर दुसरा स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार घडतात. रविवारी पहिल्या मिस्सेपूर्वी एक रुपया पाठवून पाहिला तरी खात्री पटते.

पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे स्वीकारून खात्यात जमा करणाऱ्या सेवेचा) अर्ज परत आला, तर आधी नाव तपासावे. पॅनवर ‘सेंट’ पूर्ण आणि बँकेत संक्षेपाने ‘एसटी’, किंवा खाते चर्चचे आणि पॅन धर्मप्रांताच्या (डायोसिसच्या) न्यासाचे, एवढ्या तफावतीनेही पडताळणी अडू शकते. ओटीपी येतच नसेल, तर खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बदली होऊन गेलेल्या फादरांचा तर नाही ना, हे पाहावे. नवे प्रमुख धर्मगुरू रुजू होताच तो क्रमांक बदलून घेण्याची जबाबदारी फायनान्स कमिटीने स्वीकारली पाहिजे.

देणगीदाराच्या खात्यातून पैसे गेले आणि पावती मिळाली नाही, तर त्याला लगेच पुन्हा पैसे भरायला सांगू नये. यूटीआर क्रमांक (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) घेऊन आधी खातेउतारा पाहावा. गेटवे शुल्क कापून उरलेली रक्कम जमा करतो, म्हणून हिशेबात मूळ देणगी आणि शुल्क वेगवेगळे नोंदवावे.

देणगीदाराला आयकरात ‘८०जी’ची करसवलत मिळेल असे फलकावर लिहिण्यापूर्वी सनदी लेखापालांना विचारणे आवश्यक आहे, कारण धार्मिक न्यासाला ती आपोआप लागू होत नाही. मान्यता असली तरी 2,000 रुपयांपेक्षा मोठ्या रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही.

परदेशातून येणाऱ्या देणग्यांबाबत मात्र जराही गाफील राहू नये, आणि वसईसारख्या भागात, जिथली माणसे आखातात तशीच कॅनडा-ऑस्ट्रेलियातही स्थिरावली आहेत, हा प्रश्न हमखास येतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदानात मोडत नाही. परंतु तिच्याच भावाने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असूनही त्याची देणगी परकीय ठरते. अशी देणगी घेण्यासाठी 2010च्या परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020च्या दुरुस्तीनुसार ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील नियत खात्यातच यावी लागते. म्हणून देणगीच्या अर्जात नागरिकत्वाचा रकाना अनिवार्य ठेवावा आणि नोंदणी नसेल, तर गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डांची सोय सुरुवातीपासूनच बंद ठेवावी.